अर्ध्या दिवसाच्या माफीचा पाडाव

श्रीमंत गुंडूराव अण्णा, चिकपेठेतील कापडाचे व्यापारी, बसवनगुडीच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, यांच्या अमलात शके १९४७, फाल्गुन वद्य एकादशी, रविवारी मंडळाच्या सभागृही जे तुंबळ जाहले, ते पुढील पिढ्यांस ठाऊक असावे म्हणोन यथामती कलमबंद केले आहे. पदरचे काही घातले नाही. घालण्याची गरजच पडली नाही.

मंडळाचा दस्तूर ऐसा की, घरातील कमावत्या माणसाने वर्षातून एका दिवसाचा पगार मंडळाच्या खजिन्यात भरावा. साथीच्या साली रयत हवालदिल जाहली, म्हणोन मेहेरबान होऊन पाच वर्षांपुरता अर्धा दिवस माफ केला, आणि मग साथ गेली, आणि पगार वाढले, आणि दारी दोन-दोन मोटारी आल्या, परंतु माफी अंगवळणी पडली ती पडलीच. खजिना रोडावला, आणि मंडळाच्या पाळणाघरातील दोन आयांपैकी शारदाबाईंस निरोप देणे भाग पडले, आणि मग गेल्या मासी शलाकाबाईंची कन्या, वय वर्षे तीन, उघड्या फाटकातून निघोन एकटीच रस्त्यापार फुलवालीपर्यंत गेली. फुलवालीने जवळ बसवोन घेतली म्हणोन हाती लागली. त्या समयी मातोश्री बेळ्ळंदूरच्या कचेरीत, दीड तासाच्या कोंडीपलीकडे. तेव्हापासोन बाईंनी एकच मसलत धरिली की, पाडव्यास माफीची मुदत सरते ती सरू द्यावी, आणि शारदाबाईंस परत आणावे.

समोर पद्माकरराव, सरकारी कारखान्यातील निवृत्त अभियंते, माफी कायम करावी ऐसा मोर्चा बांधोन बसले. त्यांचा सिद्धांत ऐसा की, पैसा सभासदांच्या खिशात राहिला म्हणजे आपसूक मंडळाकडे वाहत येतो. पाच वर्षांत वाहत आला तो ऐवज: भिंतीवरचे घड्याळ एक, बंद. उपरांत रावांनी पुत्र अभिमन्यू याच्या हलाखीचे ऐसे वर्णन केले की दोघी बायकांनी डोळे टिपले.

"अहो, पोराच्या हाती उरतं काय? हप्ते, पेट्रोल, वर कंपनीत कपात. पूर्ण दिवस कापलात तर खाईल काय?"

गुंडूराव अण्णा द्रवले, आणि कानडी वळणाने रुकार देते जाहले. "सरी, मग अजून पाच वर्षं..." ऐसे फर्मान सुटणार, तोच शलाकाबाई उठल्या, आणि अर्ज केला की, कल्पनाकाकूंच्या ताब्यातील वधूवर नोंदवही सभेपुढे यावी. वही आली. पान उघडले.

"काका, रागावू नका हं. यात अभिमन्यूचा पगार बेचाळीस लाख लिहिलाय. अक्षर तुमचंच ना?"

तिसऱ्या रांगेत इंदिरानगरचे वेणुगोपाळराव बसले होते, ज्यांच्या मेघाश्रीची बोलणी याच पानावरोन चालली होती. ते सावकाश वळले, आणि चष्मा लावोन पाहू लागले.

गुंडूराव अण्णा म्हणाले, "स्वल्प नीट सांगा की राव. पोरगा उपाशी आहे की बेचाळीसवाला?"

पुढे माफी, मागे सून. दोन्ही राखणे कोणा सेनापतीस साधले नाही, तेथे निवृत्त अभियंत्याची काय कथा?

"बेचाळीसच," पद्माकरराव घाम पुसोन वदले. "कपात... ती शेजारच्या विभागात."

मग वहीत ज्यांची मुले होती त्या चौदा घरांनी, आपले पान उघडण्यापूर्वीच, माफी संपवण्यास हात वर केले. खरा पगार लिहिणारे घर एकच निघाले; त्यांचा मुलगा अद्याप अविवाहित आहे.

येणेप्रमाणे अर्ध्या दिवसाची माफी मुदत सरोन आपल्या मरणाने मेली. पद्माकररावांनी बेचाळीस लाखांवरील एका दिवसाचे अकरा हजार पाचशे सात रुपये तेथेच भरले, आणि पावती वेणुगोपाळरावांस दिसेल ऐशी धरिली. चैत्र शुद्ध द्वितीयेस शारदाबाई फाटकाशी खुर्ची टाकोन रुजू जाहल्या. त्या दिवशी शलाकाबाईंनी कचेरीतून पाळणाघरास दुपारपर्यंत अवघे चारच फोन केले. फत्ते जाहली ती ऐसी.