मोज्यातली चौथी बाटली

प्रामाणिकपणा ही गोष्ट मी आयुष्यात फार कमी वेळा सुचवली आहे, आणि दर वेळी ती माझ्याच अंगाशी आली आहे. या वेळी मी फक्त एवढंच म्हणालो होतो, की पुढच्या शनिवारी बाटल्या झाकून चव घेऊ.

आमचा चौघांचा शनिवारचा अड्डा आहे. चौघे म्हणजे मी (पाणीपुरवठा खात्यात जुन्या कागदपत्रांचा कारकून), माझे साहेब, एक डेंटिस्ट, आणि ड्रायव्हिंग स्कूल चालवणारा आमचा मित्र, ज्याला सगळे क्लच म्हणतात. दुपारी चारला आळीपाळीने एकेकाच्या घरी जमायचं, चार वाइन आणि चार प्रकारची चीज मांडायची आणि कुठली कशाबरोबर बरी लागते यावर भांडायचं. या मंडळात मी जाणकार समजला जातो. पहिल्याच शनिवारी मी एक घोट घेऊन, "हिला ओल्या लाकडाचा वास आहे," असं बोलून गेलो, आणि बाटलीच्या पाठीवर नेमकं तेच छापलेलं निघालं. (ओलं लाकूड म्हणजे डेंटिस्टच्या घरची लाकडी खुर्ची होती. ती नुकतीच पुसली होती.) तेव्हापासून मी तोंड उघडलं की बाकीचे माना डोलावतात, आणि तोंड उघडण्याआधी मी बाटलीची पाठ वाचून घेतो.

मध्यंतरी क्लच म्हणाला, "लेबल वाचून काय, कोणीही सांगेल." हे त्याने माझ्याकडे बघून म्हणायला नको होतं. मी ताडकन म्हणालो, "मग झाकून घेऊ! माझ्या घरी घेऊ!"

नियम ठरले. जो बाटल्या झाकेल त्याने चव घ्यायची नाही, आणि जो चव घेईल त्याने झाकताना घरात थांबायचं नाही. झाकायचं काम अर्थातच माझ्या बायकोकडे आलं. ती सतरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. रोज शेकडो बाटल्यांना नंबर देते, आणि आजवर तिच्या हातून एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलेलं नाही.

"अहो, बाटल्या कुठे आहेत?" शनिवारी तिने विचारलं.

"कपाटात."

"किती घेऊ?"

"किती काय विचारतेस? आहेत तेवढ्या सगळ्या घे," असं म्हणून मी चीज आणायला बाहेर पडलो.

आता त्या कपाटाबद्दल सांगायला हवं. वरच्या फळीवर आमच्या चौघांच्या चार बाटल्या होत्या. खालच्या फळीवर, इस्त्रीच्या मागे, एक पाचवी बाटली होती. ती दोन महिन्यांपूर्वी साहेबांनी टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्याकडे आणून दिली होती. मुलगी झाली त्या दिवशी त्यांनी ती विकत घेतली, आणि तिच्या लग्नात उघडायची म्हणून चोवीस वर्षं, पाच बदल्यांमधून, पोटच्या पोरासारखी सांभाळली. हल्ली त्यांचा मेहुणा घरी राहायला आला होता आणि तो दिसेल ते उघडतो.

"तुमच्यावर विश्वास आहे म्हणून देतोय," साहेब म्हणाले होते. "अंधारात ठेवा. आडवी ठेवा. आणि कुणाला बोलू नका. वहिनींनाही नाही."

साहेबांचा इतका साधा हुकूम मी मोडणं शक्यच नव्हतं. मी बायकोला बोललो नाही. लग्न पुढच्या रविवारी होतं.

मी चीज घेऊन परत आलो तेव्हा मंडळी टेबलाभोवती बसलेली होती आणि टेबलावर पाच बाटल्या ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीला गळ्यापर्यंत माझा एकेक काळा मोजा चढवलेला. वर रबर बँड, त्यात नंबराची चिठ्ठी. पाच कशा, असं माझ्या मनात आलंही. पण क्लच पुष्कळदा एखादी जास्तीची आणतो, म्हणून मी विचारलं नाही. मी विचारलं ते वेगळंच.

"मोजे धुतलेले आहेत ना गं?"

"चार धुतलेले आहेत," ती म्हणाली.

मग काम सुरू झालं. डेंटिस्ट दवाखान्यातून स्टीलचे ट्रे घेऊन आला होता, कारण खरे जाणकार घोट गिळत नाहीत, थुंकतात. सवयीने तो प्रत्येकाला, "आ करा... हं, आता चूळ भरा," असं म्हणत होता. प्रत्येकाने कागदावर दहापैकी मार्क द्यायचे आणि शेरा लिहायचा. पहिल्या नंबराला क्लच म्हणाला, "पिकअप चांगला आहे, पण तिसऱ्या गिअरला धक्का देते." दुसऱ्या नंबराला मी डोळे मिटले, नाक जवळ नेलं आणि गंभीरपणे म्हणालो, "जुनं चामडं. बंद कपाट. थोडी ओलसर लोकर." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तसं लिहून घेतलं. बायकोने फक्त दुसऱ्या बाटलीचा मोजा थोडा खाली ओढला.

चौथ्या नंबरापर्यंत सगळं मजेत चाललं होतं.

चौथ्या नंबराचा घोट पहिल्यांदा डेंटिस्टने घेतला, आणि त्याच्या पेशंटच्या चेहऱ्यावर जे नेहमी दिसतं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. क्लचने घोट घेतला आणि त्याचा पाय टेबलाखाली ब्रेक शोधू लागला. मी निळ्या शिरांच्या चीजचा मोठा तुकडा तोंडात कोंबला, तेव्हा कुठे जीभ जागेवर आली. साहेबांनी घोट घेतला, शांतपणे ट्रेमध्ये टाकला, पेन उघडलं, कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली.

"ही कुणी आणली असेल, त्याने हात वर करू नये," ते म्हणाले. "मैत्री राहू दे."

आम्ही खो खो हसलो. मी तर साहेबांच्या विनोदाला हसतो तसा, म्हणजे सगळ्यांत शेवटी थांबणारा, हसलो. पाचवा नंबर होईपर्यंत चीज संपलं, म्हणून मी बशी घेऊन स्वयंपाकघरात गेलो. बायको ओट्यावरून लाल चुरा गोळा करत होती.

"हे काय?"

"मेण. त्या एका बाटलीच्या तोंडावर केवढं मेण होतं हो! माझं नख तुटलं."

"कुठल्या बाटलीच्या?"

"तुम्ही इस्त्रीमागे दडवून ठेवली होतीत तिच्या. मला वाटलं चांगली असेल, एकट्यासाठी ठेवली असेल. म्हटलं, मित्रांपासून लपवून प्यायची म्हणजे काय!"

"नंबर किती दिलास तिला?"

"चार."

मी फ्रिजला धरून उभा राहिलो. दोन वाक्यांत तिला सगळं सांगितलं. तिने मेणाचा चुरा कागदात बांधला आणि म्हणाली, "मग मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"हे बघ," मी म्हणालो, "तू आत्ता बाहेर जा आणि चौथ्याचा मोजा पाचव्याला घाल. नंबर बदल. कुणाला कळणार आहे?"

तिने मेणाची पुडी डब्यावर ठेवली. "सतरा वर्षांत मी कुणाच्या साखरेचा रिपोर्ट बदललेला नाही. माझ्या सख्ख्या काकांचासुद्धा नाही. तुमच्या वाइनसाठी बदलू?"

मी बाहेर आलो आणि भाषण सुरू केलं. नावं कळायची गरजच काय, चव तेवढी खरी, लेबल ही माया आहे, वगैरे. साहेब म्हणाले, "वा, फार छान विचार," आणि क्लच म्हणाला, "पण आधी मोजे काढ." बायको कागद घेऊन उभी राहिली आणि सगळ्यांत कमी मार्कांपासून निकाल वाचू लागली.

"सँपल नंबर चार. सरासरी अर्धा मार्क. शेरे: एक, 'भूल देऊन प्यावी.' दोन, 'इंजिन उतरवावे लागेल.' तीन, 'धाडसी.'" (हा माझा. मी कुणाचं मन दुखवत नाही.) "चार, 'नामंजूर. पुन्हा सादर करू नये.' खाली सही आहे."

क्लचने मोजा ओढला.

खोलीत जे घडलं ते फक्त साहेबांना, मला आणि बायकोला कळलं. डेंटिस्ट बाटली फिरवून वर्ष वाचत म्हणाला, "अरे, चोवीस वर्षं जुनी! ही सांभाळणारा माणूस काय असेल हो?" क्लच म्हणाला, "आशावादी." साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि बाटलीकडे पुन्हा पाहिलं, ती जणू दुसरी कुणाची निघेल म्हणून. त्या क्षणी ते मला रागावले असते तर फार बरं झालं असतं. मला त्या माणसाची मनापासून दया आली, आणि स्वतःची लाज वाटली.

"वहिनी," ते म्हणाले, "तो माझा कागद जरा द्या."

"प्रत देते," बायको म्हणाली. "मूळ कागद आमच्याकडे राहतो."

निघताना ते दाराशी बूट घालत बराच वेळ वाकून राहिले. मी माफीची पाच-सहा वाक्यं जुळवली होती, पण पहिलं वाक्य त्यांनीच उच्चारलं.

"किती उरली आहे?"

"पाऊण, साहेब. कुणी गिळलीच नाही."

"बूच घट्ट बसवा. मेण लावा. रविवारी आणा."

"पण साहेब, ती तर... म्हणजे आपणच..."

"पोरीला ती पाच वर्षांची असल्यापासून सांगत आलोय," साहेब म्हणाले. "तिने वाट पाहिली आहे. आता तिला काय सांगू, की मी तुझ्यासाठी व्हिनेगर जपलं?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही जाणकार आहात. तुम्ही पहिला घोट घ्यायचा आणि चार शब्द बोलायचे. तुम्ही चांगली म्हणालात की सगळे चांगली म्हणतील."

हे खरं होतं, आणि तेच वाईट होतं.

बायकोने आठवडाभरात ते मेण वितळवून असं बेमालूम बसवलं, की मलाही शंका आली. "वरून थोडी दुसरी भरू का? पातळी दिसायला," असं मी सुचवताच तिने भेसळीवर असं काही बोलून दाखवलं, की मी दुसरी बाटली परत कपाटात ठेवली.

लग्नाचं जेवण एका मोठ्या हॉलमध्ये होतं. पांढरी टेबलं, ऐंशी माणसं, दोन कॅमेरे. साहेबांनी बाटली उघडली. मुलगी टाळ्या वाजवत होती. नवऱ्यामुलाचे वडील, उंच, अबोल गृहस्थ, पुढे वाकून म्हणाले, "पाऊणच दिसते?"

"चोवीस वर्षांत उडते," मी जाणकाराच्या आवाजात म्हणालो. त्यांनी मान डोलावली.

साहेबांनी स्वतःच्या हाताने माझा ग्लास भरला. चव घ्यायला बोटभर पुरते. त्यांनी काठोकाठ भरला आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "पूर्ण." इथे स्टीलचा ट्रे नव्हता.

मी प्यायलो. एका दमात, कारण दुसरा दम मिळेल याची खात्री नव्हती. ती कानापर्यंत पोचली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आधी दोन थेंब, मग धार. चार शब्द बोलायचे होते. एकही येईना. मी छातीवर हात ठेवला (तिथेच जळत होतं) आणि साहेबांकडे बघत नुसता उभा राहिलो.

नवरी मुलगी उठली आणि माझ्या गळ्यात पडून रडू लागली. "बाबांनी इतकी वर्षं जपली, काका," ती म्हणाली. साहेबांच्याही डोळ्यांना पाणी आलं. त्यांचं खरं होतं. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "माफ केलं." मला इतकं बरं वाटलं की मी आणखीच रडलो. मग सगळ्यांनी एकेक थेंब घेतला, लेबल पाहिलं आणि एका सुरात "वा!" म्हणाले. क्लचसुद्धा म्हणाला. आठ दिवसांपूर्वी याच माणसाने इंजिन उतरवायला काढलं होतं.

मी खुर्ची शोधत होतो, तेवढ्यात नवऱ्यामुलाच्या वडिलांनी माझा हात धरला.

"इतकी कदर करणारा माणूस मी पाहिला नाही," ते म्हणाले. "माझ्याकडेही एक आहे. आमचा मुलगा झाला तेव्हाची. अठ्ठावीस वर्षांची. बरोबर आणली होती, पण उघडायचा धीर होत नव्हता. तुम्हाला पाहिलं आणि धीर आला."

त्यांनी टेबलाखालून बाटली काढली. कॅमेरे वळले. मी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी छताकडे पाहिलं. मी बायकोकडे पाहिलं. ती न सांगताच पाण्याचा जग घेऊन निघाली होती, पण हॉल मोठा होता.

ही दुसरी बाटली पहिलीपेक्षा चार वर्षांनी मोठी होती, आणि ते जाणवलं. दोन्ही घरांत आता मी फार हळवा माणूस म्हणून ओळखला जातो, आणि कुणी गेलं की मला मुद्दाम उशिरा कळवतात.