नाती लावणारे भोईर सर

भोईर सरांना बारशाला बोलावणं म्हणजे विकतचं दुखणं. पाळण्याभोवती बायका कौतुक करत असतात, "नाक अगदी आजोबांचं हो!" आणि सर मागून म्हणतात, "दिसण्याला पुरावा म्हणत नाहीत." आमच्या चाळीत एकदा बाळाचे आजोबा त्यावर काठी शोधायला लागले होते. त्यात रागावण्यासारखं काय होतं, ते सरांना कळलंच नाही. "अहो, वटवाघूळ पाखरासारखं दिसतं, म्हणून काय ते पाखरू होतं?" असं जिना उतरताना ते मलाच विचारत होते.

सर आमच्या भिवंडीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत, मी मराठी. राहायलाही आम्ही भिंतीला भिंत लावून. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मुंबईच्या एका ग्रंथालयातला मित्र त्यांना जुनी परदेशी मासिकं वाचायला देई. त्यातून सरांच्या डोक्यात डीएनए शिरला आणि आमच्या डोक्याचा आराम गेला.

"डीएनए म्हणजे एकमेकांना बिलगलेले दोन धागे," ते वर्गात सांगत. गावातल्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात वाढलेली मुलं धागा म्हटलं की कान टवकारत. "तापवले की सुटतात. गार केले की जोडीदार शोधून पुन्हा जुळतात. आता एक धागा शेळीचा घ्या, एक मेंढीचा. तेही जुळतात, पण जागोजागी ढिले. ती जोडी परत तापवायची. जितकी लवकर सुटेल तितकं नातं लांबचं! शिंगं नि शेपट्या बघायचं कामच नाही."

एका सुट्टीत तर शेळी, मेंढी आणि म्हैस, तिघींचं रक्त थर्मासांत भरून मुंबईच्या प्रयोगशाळेतल्या ओळखीच्या माणसाकडे न्यायला निघाले. खाटीक हैराण. "सरजी, बकरी की रिश्तेदारी जान के क्या करोगे? शादी में बुलाना है?" रक्त वाटेतच नासलं. सरांच्या घरी थर्मासातला चहा घेणं मी तेव्हापासून सोडलं.

वहिनी गेल्यापासून घरात सर आणि शालू, दोघंच. शालू तान्ही असताना सर-वहिनींनी तिला अनाथाश्रमातून आणलं होतं. हे चाळीला ठाऊक होतं, शालूलाही. ती लग्नाची झाली तेव्हा मीच जवळच्या राहनाळ गावचं एक स्थळ सुचवलं. मुलाकडच्यांना सगळं आधीच सांगितलं होतं. मुलगा शालूला मनापासून आवडला होता. आता फक्त त्याच्या आजीचा होकार यायचा होता.

आजींना घेऊन मंडळी सरांकडे आली. पोहे झाले, चहा आला. आजी म्हणाल्या, "पोर गुनाची हाय. पन कोनाची हाय, त्ये ठावं हाय का?"

"ठाऊक नाही," सर म्हणाले.

"आवं, तुमी शेली-मेंढ्यांची नाती काढता म्हनं. मंग पोरीचं बी काढा. येवढं कलू द्या, आमची ना न्हाय."

मी निर्धास्त होतो. ही पद्धत प्राण्याप्राण्यांतलं अंतर सांगते, कोण कोणाचं मूल ते सांगत नाही, हे सरांनी मला हजारदा ऐकवलं होतं. तेवढंच सांगायचं होतं. न विचारता तासभर बोलणारा माणूस तो.

"नाही काढणार," सर म्हणाले.

"म्हंजी?"

"काढता आलं तरी नाही काढणार."

पाहुणे चहा न घेता उठले. शालू आत निघून गेली. मी भडकलो. "अहो, ते जमत नाही एवढं तरी सांगायचं! पोरीचं जुळत आलेलं मोडलंत."

सर भरलेले कप गोळा करत होते. "आज जमत न्हाय," ते म्हणाले. "उद्या जमंल. शास्त्र थांबतं का कुटं?" इतक्या वर्षांत त्यांच्या खारबाव गावची बोली मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो. "आन मंग खरंच तिचं कोनी निघालं, तर मी काय करू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला.

शालू आतल्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "काका, उद्या मला राहनाळला न्या," ती म्हणाली. "आजींना सांगते, माझ्याबद्दल काय विचारायचं ते मला विचारा. बाबांना नका विचारू, ते घाबरतात."

सर मोरीत जाऊन एकच कप किती तरी वेळ धूत राहिले.