पहिले नोक देख

निंबाआप्पा ड्रिलचा बिट घ्यायला गेले की दुकानाच्या काउंटरवर चक्क गाल टेकवतात. बिट काचेवर गडगडत सोडायचा आणि एक डोळा मिटून बघायचं, खाली उजेडाची फट दिसते का. जरा लचकत गेला की निकाल: "वाकडा शे. ठेव." पर्वत पाटियाच्या गुजराती हार्डवेअरवाल्याने एकदा हात जोडले, "काका, ड्रिल लेवा आव्या छो के वहू जोवा?" म्हणजे ड्रिल घ्यायला आलात की सून बघायला. आप्पा गाल न उचलता म्हणाले, "वहूनं जमी जास भो, बिटनं जमत नही."

आप्पा गोडादऱ्यात आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहतात. सगळी हयात पावरलूमच्या कारखान्यात फिटर होते. आता रिटायर आहेत, म्हणजे गल्लीत कुणीही भोक पाडायला घेतलं की हजर. "पहिले नोक देख, मंग माल देख," हे त्यांचं पालुपद. आम्ही सगळे त्यांना टाळायचो, खरं सांगायचं तर मीच सगळ्यात जास्त.

गेल्या वर्षी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालवा. आई भीतीने उठेना. मोरीपर्यंत मी धरून न्यायचो आणि पोराने न्यावं याची तिला इतकी लाज वाटायची की ती पाणी प्यायचंच टाळू लागली. म्हणून मी ठरवलं, पलंगाच्या लाकडी खांबापासून मोरीच्या लोखंडी चौकटीपर्यंत स्टीलचा पाइप बसवायचा. चार पावलांचा तर प्रश्न.

मी साड्यांच्या मार्केटमधला माणूस. चमक बघून माल घ्यायची सवय. हातगाडीवर सोनेरी बिट दिसला, घेतला. लाकूड चिरफाळलं, जळका वास सुटला. मग तोच बिट पाइपवर लावला. तो घसरत घसरत चरे पाडत गेला, निळा पडला आणि टोक बोथट झालं. वासाने आप्पा आलेच. आधी बिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सोनं कसाले? लगीन शे का?"

त्यांनी मला अर्धी रजा टाकायला लावून दुकानात नेलं. लाकडासाठी मधोमध बारीक काटा असलेला बिट, म्हणजे तो जागेवर रोवून बसतो आणि भटकत नाही. लोखंडासाठी बिनकाट्याचा, पण टोकाच्या दोन्ही धारा अगदी सारख्या हव्यात. दांड्यावरचा मापाचा आकडा कोरलेला हवा. अंगठ्याने पुसला गेला की तो बिट परत. नऊ बिट नापास झाले. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणत होतो ते इथे लिहिता येणार नाही.

घरी आल्यावर त्यांनी पाइपवर आधी टोच्याने खूण ठोकली, तेलाचा थेंब सोडला आणि मशीन माझ्या हातात दिलं. "धावू नको. लोखंडले टाईम देना पडस." दोन्ही बाजूंनी सारख्या कुरळ्या कातरणी निघू लागल्या. आप्पांनी त्यातली एक आईला नेऊन दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पाइप धरून उठली. चार पावलं. एकटी. मोरीत गेली आणि आतून कडी लावली. त्या कडीचा आवाज ऐकून मी बाहेर रडलो, यात लपवण्यासारखं काही नाही. या माणसाचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही. आप्पांना तसं म्हणालो तर ते म्हणाले, "बिट चांगला व्हता."

मग ते रोज चार वाजता पेचकस घेऊन येऊ लागले. स्क्रू तपासायला अर्धं मिनिट, मग आईशी तासभर अहिराणीत गप्पा. गावाकडची माणसं, कळण्याची भाकरी, कोण गेलं, कोण राहिलं. त्यांच्या घरी बायको गेल्यापासून अहिराणी बोलणारं कुणी नाही. मुलगा-सून दिवसभर कामावर, घरी आल्यावर पोरांशी गुजराती. आप्पा काही बोलले की नातवंडं विचारतात, "दादा, शुं कहो छो?" त्यांचं हसणं मी पहिल्यांदा आमच्याच घरात ऐकलं.

परवा आप्पा आले नाहीत, कालही नाहीत. सून म्हणाली होती म्हणे, लोकांच्या घरी रोज काय जायचं.

आज रविवार, सगळे घरी. आईने सगळे स्क्रू स्वतः चाचपून पाहिले. एकही केसभर हलत नव्हता. मग तिने काठी घेतली, मला मागेच थांब म्हणाली आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच उंबरा ओलांडला. दोन घरं चालून गेली. आप्पांच्या दारात उभी राहून, आतल्या सुनेला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ओरडली,

"आप्पा, इस्क्रू ढिला व्हयी गया!"

आप्पा लगेच बाहेर आले. पेचकस हातातच होता.