पुढचं कोणी छापलंच नाही

आमच्या इमारतीत नवरात्र बसतं तेव्हा तळमजल्यावरच्या सेतुरावांकडे एकही बाहुली बाहेर आलेली नसते. इथे चेन्नईत नवरात्रात पायऱ्या रचून त्यांवर मातीच्या बाहुल्या मांडतात, त्याला गोलू म्हणतात. बाकीच्यांचा गोलू पहिल्याच दिवशी तयार असतो. सेतुरावांचा दसऱ्याला कसाबसा पुरा होतो आणि लगेच आवरायला घ्यावा लागतो.

उशीर होतो तो बाहुल्यांवरच्या कागदांमुळे. वर्षभर बाहुल्या माळ्यावरच्या पेटीत जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवलेल्या असतात. काही कागद त्यांच्या वडिलांच्या वेळचे, काही परवाचे. सेतुराव एक बाहुली उघडतात, तिला बाजूला ठेवतात आणि कागद मांडीवर पसरून वाचत बसतात. बाहुली तशीच आडवी.

मी मूळची सोलापूरची. नवऱ्याची नोकरी श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात, माझी नुंगंबाक्कमला, म्हणून वेलचेरीत घर घेतलं. खाली तंजावरकडचे मराठी गृहस्थ राहतात असं कळल्यावर मी मोठ्या हौसेने भेटायला गेले. सेतुरावांनी दार उघडलं, हातातला पिवळा कागद दाखवला आणि विचारलं, "अम्मा, ते माकड सापडलं काय?"

सर्कशीतून माकड पळालं, शोध सुरू आहे, अशी बातमी होती. कागद माझ्या जन्माच्या आधीचा होता. मी म्हटलं, "काका, ते आता कशाला असेल?"

"शोध सुरू आहे म्हणून लिहिलंय की. थांबला म्हणून कुठं लिहिलंय?" ते म्हणाले. "पेपरवाले असंच करतात. गोष्ट सुरू करतात आणि निघून जातात. पुढचं कोणी छापतच नाही."

पुढचं मग सेतुराव ठरवतात. जन्मभर विम्याच्या कचेरीत लोकांचे अपघात निस्तरल्यामुळे परिणामांचा त्यांना अनुभव आहे. माकड कांचीपुरमला बसने गेलं, तिथे किराणा दुकानात हिशेबाला लागलं आणि आता निवृत्त व्हायला आलंय. त्या वर्षी गोलूत चेट्टियार वाण्याच्या जोडप्याशेजारी, तांदूळ-डाळींच्या ढिगांमागे, वानरसेनेतलं एक वानर बसवलेलं मी स्वतः पाहिलं. आलेल्या बायका प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल खाता खाता त्याच्याकडे बघत होत्या. विचारायचं धाडस कोणी केलं नाही.

कृष्णाभोवती दूध महागल्याची बातमी निघाली, तेव्हा त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितलं की लोणीचोरी त्यानंतरची आहे. आधी भाव वाढला, मग यशोदेने हात आखडता घेतला, मग बिचाऱ्याचा नाइलाज झाला. लग्नाच्या वरातीतल्या नवरदेवावर 'ऐन मुहूर्तावर वराचा नकार' निघालं, तेव्हा त्याला एकट्याला खालच्या पायरीवर भिंतीकडे तोंड करून उभं केलं. सगळी वरात वर ताटकळत. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई कळवळून म्हणाल्या, त्याला वर ठेवा हो. सेतुराव म्हणाले, "पावम, बिचाऱ्याचं मन अजून होत नाही. घाई नको."

सगळ्यात गंभीर प्रकरण बेडकांचं होतं. 'वेलचेरीत यापुढे पाणी साचणार नाही' अशी ठळक बातमी होती, आणि कागद खाली रद्दीत असताना घरात शिरलेल्या पुराची तपकिरी रेघ बरोबर तिच्यावरून गेली होती. सेतुरावांच्या मते या निर्णयाने बेडूक बेघर झाले. त्यांनी मातीचे बेडूक आणून त्यांचं शिष्टमंडळ थेट वरच्या पायरीवर, देवांसमोर उभं केलं. पाण्याला दोष देऊ नये, असंही ते म्हणाले. पाणी पेपर वाचत नाही.

मी हसत असे. थोडी वैतागतही असे, कारण दर नवरात्रात संध्याकाळी दमून आल्यावर मला जिन्यातच अडवून ते एखादं प्रकरण ऐकवत. बायको गेल्यापासून एकटे असतात, म्हणून मी ऐकून घ्यायचे. त्यांची मुलगी मैथिली अमेरिकेत. तिचा फोन रविवारी येतो. जेवलात काय, गोळ्या घेतल्या काय, सरी, बरं तर, ठेवते. जिन्यात चपला घालेपर्यंत तो संपलेला मला ऐकू येतो.

यंदा उन्हाळ्यात मैथिली आली आणि तिने ठरवलं की बाहुल्या तिकडे न्यायच्या. तिच्या मुलांना गोलू माहीत नाही, शिवाय अप्पांनी या वयात शिडीवर चढायचं बंद करायला हवं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. सेतुराव "सरी" म्हणाले. मला वाईट वाटलं, पण त्यांनी वाद घालावा असं सुचवणारी मी कोण?

बाहुल्या गुंडाळायला मैथिलीने फुगे फुगे असलेलं प्लॅस्टिक आणलं. सेतुरावांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "ह्यात वाचायला काय आहे?" शेवटी आत कागद, वर प्लॅस्टिक असं ठरलं, आणि ती खरेदीला बाहेर पडल्यावर त्यांनी मला मदतीला बोलावलं.

मी रद्दीतून एक झकास बातमी काढून दिली. हरवलेली गाय आपण होऊन मालकाच्या दारात परत आली होती. त्यांनी ती वाचली आणि बाजूला ठेवली.

"का हो? छान आहे की."

"छान आहे. पण संपली की." त्यांनी दुसरा कागद उचलला. विहिरीत कुलूपबंद पेटी सापडली, आत काय ते अद्याप कळलेलं नाही. तो त्यांनी सरस्वतीभोवती जपून गुंडाळला. नंतरचा, शाळेच्या छपरावर मोर बसून आहे, उतरायला तयार नाही. तो गणपतीला. पुरी झालेली एकही बातमी ते घेत नव्हते.

"लहानपणी मैथिली शेजारी बसायची," ते मान वर न करता म्हणाले. "मी बातमी वाचायची आणि तिनं विचारायचं, मग काय झालं, अप्पा? गोलू राहायचा बाजूला. तिची आई ओरडायची." दोरी ओढून त्यांनी गाठ मारली. "तिथं पोरांसमोर उघडील तेव्हा पोरं विचारतील. तिला तर ठाऊक नाही. मग मला फोन करील की नाही?"

मी नुसती मान हलवली आणि रद्दीत आणखी अर्धवट बातम्या शोधू लागले. डोळे भरून आल्यामुळे मला नीट वाचता येत नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तिकडं संध्याकाळी बाहुल्या उघडल्या तर इथं किती वाजलेले असतात, अम्मा?"

"पहाट असते, काका."

"परवायिल्ला, हरकत नाही," सेतुराव म्हणाले. "पहाटे मी मोकळाच असतो."