प्रवाळाला मानवणारा दिवा

त्या घरात दिव्याचा प्रश्न उभा राहिला तेव्हा प्रत्येक खोलीत दिवा होता, समोरच्या रस्त्यावर दिव्याचा खांब होता आणि पूर्वेच्या खिडकीतून रोज सकाळी ऊन येत होते. यांपैकी एकही उजेड कामाचा नाही असे तज्ज्ञांचे मत पडले, म्हणून पुढचे सगळे घडले.

घर पथदिवे विभागाच्या उपअभियंत्यांचे होते. गल्लीत त्यांना दिवेसाहेब म्हणत. त्यांच्या वरिष्ठांच्या घरी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती, तिच्यात जिवंत प्रवाळ होते, आणि वरिष्ठ हाताखालच्या लोकांना तिच्यासमोर बसवून, चहा गार होईपर्यंत तिच्याविषयी सांगत. बढतीचे वारे वाहू लागले होते. अशा वेळी दिवेसाहेबांच्याही घरी टाकी असणे ही काळाची गरज होती. टाकी आली. तिच्यात दगडावर चिकटवलेले, मुठीएवढे, हिरव्या झाकेचे प्रवाळ होते. सोबतीला एक नारिंगी मासा होता. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्या दिवसापासून आडगावी बदली झालेल्या माणसाचा भाव होता.

जमीन सपाट आणि जवळ प्लगची सोय, अशी जागा घरात एकच होती. ती खिडकीपाशी होती आणि तिथे आजींची खुर्ची होती.

आजी म्हणजे साहेबांच्या आई. त्या खिडकीत बसून स्वेटर विणत. साहेबांची लेक, म्हणजे त्यांची नात, परगावी असे आणि तिला लवकरच मूल होणार होते. पणतवंडाचा पहिला स्वेटर आपल्या हातचा असावा, लाल लोकरीचा असावा आणि बाळ यायच्या आत पुरा व्हावा, एवढेच आजींचे जगाकडे मागणे उरले होते. डोळे थकले होते. टाके आता दिवसाउजेडीच दिसत. तरी टाकी आली तेव्हा त्यांनी कुरकूर केली नाही. खुर्ची हातभर सरकवली आणि सुया पुन्हा चालू केल्या.

दुकानाचा सल्लागार आला. गळ्यात निळ्या काचांचा चश्मा अडकवलेला तो एक गंभीर मनुष्य होता. त्याने सांगितले की प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे शेवाळ राहते. उजेड मिळाला की ते शेवाळ अन्न तयार करते आणि प्रवाळ त्यावर जगते. उजेड चुकला तर शेवाळ घर सोडते आणि प्रवाळ पांढरे पडून मरते.

“म्हणजे पोटभाडेकरू,” आजी म्हणाल्या. “पण घरमालकाला रांधून घालणारे. असे मिळत नाहीत हो हल्ली.”

सल्लागाराने ही नोंद घेतली नाही. साहेबांनी मात्र छाती पुढे काढली. “दिव्यातलं मला सांगू नका. हयात गेली माझी त्यात.”

तरीही मनमानी नको म्हणून त्यांनी घरात दिवा निवड समिती नेमली. अध्यक्ष साहेब, सचिव त्यांची पत्नी, तांत्रिक सदस्य सल्लागार. आजी खोलीतच बसत असल्याने त्यांना निमंत्रित समजण्यात आले. उजेड मोजायचे यंत्र कार्यालयातून अभ्यासासाठी घरी आले. ते माणसाच्या डोळ्यांच्या हिशेबाने बनवलेले होते. प्रवाळाला डोळे नसतात, ही बाब तांत्रिक सदस्याने लक्षात आणून दिली. पण तोवर मोजमापे पूर्ण झाली होती, आणि पूर्ण झालेली मोजमापे रद्द करण्याची पद्धत विभागात नव्हती.

त्या मोजमापांप्रमाणे रस्त्याचा दिवा उत्तम ठरला. गल्लीच्या टोकासाठी मंजूर झालेला असा एक दिवा विभागाच्या गोदामात पडूनच होता. तो चाचणीसाठी टाकीवर आला. थोड्याच दिवसांत काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला, प्रवाळ तपकिरी पडले आणि मासा दगडामागे जाऊन बसला. समितीची तातडीची बैठक झाली. दिवा विभागाचा होता, म्हणजे तो चुकणे शक्य नव्हते. तेव्हा दोष खिडकीकडे गेला.

“उन्हाला काही शिस्त नाही,” साहेब म्हणाले. “कधी येतं, कधी ढगाआड जातं. त्याचं वेळापत्रक आपल्या हातात नाही. असा घटक यंत्रणेत नको.”

खिडकीला काळा कागद लागला. आजींची खुर्ची चपलांच्या कपाटापाशी गेली.

मग खरा दिवा आला, प्रवाळांसाठीच बनवलेला. तो मोबाइलवरून चालत असे. त्यात पहाट होती, सकाळ होती, ढग होते, हौस असेल तर विजा होत्या आणि शेवटी चांदणेही होते. फक्त त्याची दुपार संध्याकाळी ठेवावी लागली, कारण साहेब कार्यालयातून परतल्यावरच ती बघणार होते. घरातले बाकीचे दिवे लावले की टाकीचा रंग बिघडतो असे आढळले, तेव्हा ते बंद ठेवण्याचे ठरले. सगळे घर निळे झाले. भात निळा, दूध निळे, उशांचे अभ्रे चमकत. साहेब पांढरा शर्ट घालून आले की शर्ट लखलखायचा आणि साहेब दिसायचे नाहीत. सूनबाई वाढताना एकदा शर्टाशीच बोलत राहिल्या, आणि शर्ट नेहमीप्रमाणे ‘हं’ म्हणाला, म्हणून कुणाच्या लक्षात आले नाही.

आजी कोपऱ्यात बसून अंदाजाने विणत. निळ्या उजेडात लाल रंग काळा दिसतो आणि तपकिरीही काळाच दिसतो. टोपलीत दोन्ही गुंडे होते. तपकिरी लोकर जुनी होती. साहेब शाळेत असताना आजींनी त्यांना स्वेटर विणला होता. तो आखूड झाल्यावर उसवून लोकर जपून ठेवली होती. त्या काळी घरात एकच कंदील होता. त्याच्याजवळ मुलगा वाचायचा, आणि आई आपली सावली पुस्तकावर पडू नये म्हणून त्याच्या मागे, भिंतीला टेकून विणायची. कंदील कोणता घ्यावा यावर कुणी समिती बसवली नव्हती. काच पुसली की उजेड वाढायचा.

आता अडचण रस्त्यावरच्या दिव्याची आली. कागदाच्या फटीतून त्याची तिरीप टाकीवर पडे आणि प्रवाळाच्या चांदण्यात व्यत्यय येई.

इथे विभागाची कार्यपद्धती सांगायला हवी. अंधाराची तक्रार आली की विभाग जागेवर जाऊन अंधाराची पाहणी करीत असे. पाहणी अर्थातच कार्यालयीन वेळेत होई. गल्लीच्या टोकाच्या अंधाराविषयी शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाई कैक वर्षे तक्रार करीत होत्या; प्रत्येक वेळी भर दुपारी पाहणी झाली आणि प्रत्येक वेळी प्रकाश पुरेसा आढळला. साहेबांनी याच पद्धतीला अनुसरून घरासमोरच्या दिव्याची पाहणी लावली. माणसे दुपारी आली. खांबावरचा दिवा बंद आढळला. बंद दिवा निरुपयोगी असतो, म्हणून तो तिथल्या तिथे उतरवण्यात आला. विभागाच्या इतिहासात इतक्या वेगाने कोणतेच काम झाले नव्हते, आणि वरिष्ठांनी साहेबांचे नाव घेऊन तसे बोलूनही दाखवले.

त्याच आठवड्यात मास्तरीणबाई संध्याकाळी दूध घेऊन येताना पायरी न दिसून पडल्या. पाय मुरगळला. दुसऱ्या दिवशी त्या लंगडत आल्या आणि दारातच थबकल्या, कारण आत कोण कुठे बसले आहे ते कळेना.

“ये गं, आत ये,” चपलांच्या कपाटाकडून आवाज आला. “मी इथे. दुधाच्या पिशवीसारखी चमकतेय ती सून.”

मास्तरीणबाईंनी साहेबांना चौथीत शिकवले होते. त्यांनी शर्टाकडे तोंड करून विचारले, “काय रे, होता तो दिवा का काढलास?”

“बाई, तो बंद होता.”

“दुपारी बंदच असतो तो.”

“तेच पाहणीत आढळलं.”

“आणि आता अंधार आहे त्याचं काय?”

“तशी तक्रार द्या. माणसं येऊन बघून जातील.”

“कधी?”

“दुपारी,” साहेब म्हणाले. मास्तरीणबाई आजींकडे वळून म्हणाल्या, “चौथीत याला ढकलून पास केला, ते माझं चुकलंच.”

पुढे आजींची हाडे दुखू लागली. डॉक्टरांनी तपासले आणि औषधापेक्षा रोज सकाळी अर्धा तास अंगावर ऊन घ्या म्हणून सांगितले. जिन्याची पायरी आणि गुडघे यांचे जमत नव्हते आणि खिडकीला कागद होता. साहेबांनी आईची हेळसांड होऊ दिली नाही. समितीत विषय घेतला. टाकीवरचा प्रकाश सूर्यापेक्षा शुद्ध आहे, त्यात धूळ नाही, ढग नाहीत, असे तांत्रिक सदस्याचे म्हणणे पडले. तेव्हा आजींना टाकीच्या दुपारचा अर्धा तास मंजूर झाला. सकाळचे कोवळे ऊन त्या रोज संध्याकाळी सातला घेऊ लागल्या. मासा दगडाआडून त्यांच्याकडे बघे. “तुझी निदान दुसरीकडून इथे बदली झाली,” त्या एकदा त्याला म्हणाल्या. “माझी तर घरातल्या घरातच झाली.”

स्वेटर पुरा होत आला होता. आजी बोटांनी चाचपून टाके मोजत, चुकले की उसवत, पुन्हा घालत. नातीचा फोन आला की बाळ आता केव्हाही येईल. आजी म्हणाल्या, एकच बाही राहिली आहे, त्याला म्हणावं जरा दम धर.

आणि एके सकाळी वीज गेली.

खांबावरचा दिवा उतरवताना तार उघडीच सोडून दिली होती; ती आता कुठेतरी टेकली आणि सगळ्या गल्लीची वीज घेऊन गेली. दुरुस्तीची माणसे पाहणीशिवाय येणार नव्हती. घरातले निळे चांदणेही विझले. टाकीचा पंप थांबला, पाणी निपचित पडले, मासा वर येऊन तोंड वासू लागला. साहेबांनी सल्लागाराला फोन लावला. पुढच्याच आठवड्यात वरिष्ठ टाकी बघायला येणार होते.

सल्लागाराने तांब्याने पाणी ढवळत राहायला सांगितले, म्हणजे हवा मिळेल. आणि काही करून उजेड द्या म्हणाला. उजेड मिळाला तर त्या शेवाळाची चूल पेटेल आणि टाकीत थोडी हवा तीही सोडील.

“उजेड कुठून आणू?” साहेब ओरडले.

आजींनी सुईने खिडकीकडे दाखवले.

साहेबांनी काळा कागद टराटरा फाडला. सकाळ एकदम घरात शिरली. सूनबाई डोळे मिटून तांब्याने पाणी ढवळत राहिल्या. उन्हाची पट्टी टाकीवर पडली आणि आजी कितीतरी दिवसांनी उठून, भिंत धरत, आपल्या जुन्या जागी येऊन उभ्या राहिल्या. ऊन पाठीवर घेतले. हातातला स्वेटर उजेडात धरला. अंग लाल होते, एक बाही लाल होती, आणि दुसरी, नुकती पुरी झालेली, सबंध तपकिरी.

त्या बघत राहिल्या. तेवढ्यात साहेब म्हणाले, “आई, जरा बाजूला सरक. तुझी सावली पडतेय त्याच्यावर.”

आजी सरकल्या. ती सवय त्यांच्या अंगात जुनी होती.

दुपारपर्यंत प्रवाळाने बोटे पसरली. वीज दोन दिवस आली नाही, आणि दोन दिवसांत त्याचा मूळचा हिरवा रंग परतू लागला. सल्लागार आला, निळा चश्मा लावून पाहिले, काढून पाहिले, आणि विचारले, “कोणता दिवा लावलात?” साहेबांना सूर्य म्हणवेना. “बाहेरचा आहे,” ते म्हणाले. सल्लागाराने मान डोलावली. बाहेरचा माल वेगळाच असतो, असे त्याचेही मत होते.

समितीची शेवटची बैठक झाली आणि सर्व पर्यायांचा साकल्याने विचार करून प्रवाळासाठी सूर्याची निवड करण्यात आली. टाकी खिडकीला अगदी लावून बसवली, आजींची खुर्ची जिथे असे नेमक्या त्या जागी. एवढा महागाचा निळा दिवा वाया जाऊ नये म्हणून तो चपलांच्या कपाटावर, आजींच्या डोक्यावर बसवण्यात आला. आता त्यांना स्वतंत्र पहाट होती, ढग होते, आणि सणकच आली तर साहेब मोबाइलवरून विजाही पाडू शकत होते. वरिष्ठ येऊन पाहून गेले. साहेबांना बढती मिळाली. समोरचा खांब मात्र तसाच राहिला, कारण त्यावर दिवाच नसल्याने तो बंद आहे की चालू याची पाहणी करता येत नव्हती.

स्वेटर वेळेत पोचला. बाळ आल्यावर नातीने फोन केला. स्वेटर गोड आहे म्हणाली, आणि मग जरा अडखळत विचारले, “आजी, एकच बाही तपकिरी कशी?”

“ती तुझ्या बापाची,” आजी म्हणाल्या. “तो लहान असताना मी अंधारात बसून विणली होती. या वेळीही तशीच विणली. उसवायची म्हटली, तर हात धजेना.”

“मग खिडकीत नाही का बसायचं?”

आजींनी खिडकीकडे पाहिले. तिथे मासा उन्हात आला होता आणि प्रवाळ हात पसरून बसले होते. “खिडकीत बसायला काय,” त्या म्हणाल्या, “कुणाच्या तरी उपयोगी असावं लागतं.”

तुम्ही हे घरातल्या कोणत्या कोपऱ्यात बसून वाचत आहात, ते आम्हांला ठाऊक नाही. अक्षर स्वच्छ दिसत असेल, तर जागा उजेडाची असणार. वाचून झाले की जरा आठवून पाहा, तुमच्या आधी तिथे कुणाची खुर्ची होती. आणि ती आता कुठे आहे, हे बघायला जाल तेव्हा दुपारी जाऊ नका.