दहा मिनिटांचा बसाप्पा

“माझं त्वांड कुठाय? बसाप्पा, भाईर ये! माझं त्वांड कुठं घातलंस त्ये सांग आधी!”

संभा पैलवान भर लक्ष्मीपुरीत ओरडत होता. तालमीच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाचं डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचा फलक, त्यानं दुकानासमोर रस्त्यातच अंथरलं होतं आणि गुडघे टेकून तो त्यावरच्या तोंडांच्या गर्दीत स्वतःचं तोंड शोधत होता. त्याच्यापायी दोन रिक्षा, एक उसाचा ट्रॅक्टर आणि एक म्हैस खोळंबली होती. म्हशीनं नाक लावून शोधायला मदतसुद्धा केली, असं मला आठवतं. पण माझ्या आठवणीवर फार भरवसा ठेवू नका. मी विम्याचा एजंट आहे.

बसाप्पा फडक्यानं हात पुसत दारात आला.

“तालमीत शेवटचा कवा गेलतास?”

“त्येचा हितं काय संबंध?”

“गणपतीत गेलतास. आता संक्रांत आली. मानूस हालला न्हाय की मी काढतो. हात न्हाय, जागा न्हाय!”

“आरं, मी उपाध्यक्ष हाय!”

“मग हालायचं की.”

रस्ता हसला. रिक्षावालेही हसले. संभा उठला, गुडघ्याची धूळ झटकली, आणि त्याची नजर दुकानाच्या दाराशी गेली. तिथं लाकडी खुर्चीत बसाप्पाचे थोरले भाऊ, शिवाण्णा, मांडीवर हात ठेवून बसले होते. रोज बसत तसेच.

“आनि ह्यो रं? तुझा थोरला? ह्यो कवा हाललाय? ह्येला घाल की मग माळ्यावर!”

हसणं तिथल्या तिथं थांबलं. मला वाटलं, आता फडकं संभाच्या तोंडावर बसणार. पण बसाप्पानं खाली वाकून डिजिटल गुंडाळलं आणि म्हणाला, “उद्या ने. तुझं त्वांड घालून ठिवतो.”

बसाप्पानं माघार घेतलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

आता हा बसाप्पा म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगतो. याचा धंदा लग्नपत्रिका आणि डिजिटल फलकांचा. आमच्या कोल्हापुरात पोराला नोकरी लागली तर तो आधी डिजिटल लावतो, मग हजर होतो. फलकावर मधोमध उत्सवमूर्ती, आणि भोवती शुभेच्छुकांची तोंडं, निम्म्यांना काळा गॉगल. हे सगळं ज्याच्या हातून घडायचं, त्या माणसाला पसाऱ्याची शिसारी होती. देवानं शाकाहारी माणसाला मटणाचं दुकान काढून द्यावं, तशातली गत.

तरी सुरुवातीला तो आपला बरा होता. बिघडला तो कॉम्प्युटरमुळं. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. बसाप्पाचं मशीन रखडायला लागलं. पडद्यावर एकावर एक खिडक्या उघडलेल्या. लग्नपत्रिकेखाली श्रद्धांजली, श्रद्धांजलीखाली पत्त्यांचा डाव. राजारामपुरीतनं एक मेकॅनिक आला, त्यानं सीडीवरनं एक लहानसं सॉफ्टवेअर घातलं आणि सांगितलं, “ज्या खिडकीला दहा मिनिटं हात लागणार नाही, ती आपोआप पडद्याआड जाईल. बंद होणार नाही. हाक मारली की पुढं येईल.”

बसाप्पानं घड्याळ लावून पाहिलं. दहा मिनिटं झाली आणि पत्त्यांचा डाव गपकन नाहीसा झाला. थोड्या वेळानं श्रद्धांजली गेली. पडदा शेणानं सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ! बसाप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नात आलं नव्हतं, असं वहिनी म्हणतात.

“बघितलंस?” तो मला म्हणाला. “मारत न्हाय कुनाला. नुस्तं मागं उभं करतंय. असं सरकार पायजे हुतं.”

आणि दुसऱ्या दिवसापासनं त्यानं ते सॉफ्टवेअर स्वतःच्या अंगात घालून घेतलं.

पहिला बळी माझा चहा. मी कप टेबलावर ठेवून त्याला एक पॉलिसी समजावत होतो. अपघाती लाभावरनं बोनसवर येईपर्यंत कप धुऊन पालथा घातलेला! “पीत हुतो की मी!” म्हटलं, तर उत्तर ठरलेलं. “हात न्हाय, जागा न्हाय.” तेव्हापासनं मी कप छातीशी धरूनच चहा पितो. परगावी लोकांना वाटतं, आमच्याकडं थंडी फार.

मग आजऱ्याहून एक पाव्हणे आले, मुलीची पत्रिका छापायला. सोबत काजूची पिशवी. एस.टी.नं अंग मोडलेलं, नमुने बघता बघता बाकावरच डुलकी लागली. जागे झाले तर पिशवी नाही, छत्री नाही, चपला नाहीत, डोक्यावरची टोपीसुद्धा नाही. ते “लुटलं! लुटलं!” करत अनवाणी पार चौकापर्यंत पळाले. मागनं बसाप्पा धावतोय, “पावणं, चोरी न्हाय हो! आवरलंय नुस्तं! माळ्यावर हाय सगळं!” ती पत्रिका शेवटी शेजारच्या दुकानात छापली गेली. काजू तेवढे पाव्हणे माळ्यावर विसरले, ते आम्ही खाल्ले.

घरी वहिनींचे हाल कुत्रं खाईना. अर्धं वांगं चिरून दूधवाल्याला दार उघडायला गेल्या, तर येईपर्यंत वांगं, विळी आणि पाट, तिन्ही जाग्यावर. त्या मला म्हणायच्या, “भावजी, आमच्या घरात भाकरी तव्यावर टाकून मागं वळायची सोय न्हाय. मी तर झोपंतबी कूस बदलत असतीय. कुनी सांगावं, आवरून ठिवलं म्हंजे?”

नृसिंहवाडीला गेलो तेव्हा तर कहर झाला. घाटावर माणसं डोळे मिटून बसलेली, कडेला चपलांचा हा ढीग. बसाप्पानं एकदा घड्याळ बघितलं, एकदा चपलांकडं बघितलं. मी त्याचा सदरा धरला, तोवर उशीर झाला होता. त्यानं सगळ्या चपला मापाप्रमाणं रांगेत लावल्या. लहान डावीकडं, मोठ्या उजवीकडं. ध्यानातनं उठलेल्यांच्या निम्म्या जोड्यांची ताटातूट झाली. परतीच्या गाडीत एका म्हातारीच्या पायात पैलवानाचं पायताण होतं, हे मी शपथेवर सांगतो.

तर असा हा माणूस. आणि त्याच्या दुकानाच्या दाराशी, दिवसभर न हलणारे शिवाण्णा.

पूर्वी हे दुकान शिवाण्णांचंच होतं. तेव्हा शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छपाई व्हायची. पत्रिका टाकायला आलेलं माणूस तासभर बसायचं, शिवाण्णांशी सोयरिकी जुळवायचं, मोडायचं, भांडायचं आणि मग जायचं. पुढं त्यांची बायको गेली. त्याच वर्षी छपाईचं मशीन भंगारात गेलं, कॉम्प्युटर आला. त्या यंत्रावर शिवाण्णांचा हात बसेना. ते खुर्चीत बसले ते बसलेच. मुके वगैरे नव्हते हो! विचारलं की बोलायचे. पण विचारणार कोण? गिऱ्हाईक आत यायचं ते त्यांच्या डोक्यावरनं बसाप्पाशी बोलायचं. एका गृहस्थानं तर पावसाळ्यात त्यांच्या खांद्याला छत्री अडकवली होती. ते गृहस्थ जाईपर्यंत शिवाण्णांनी ती सांभाळली.

संभानं ते माळ्याचं बोलणं काढल्यापासनं आम्ही सगळेच धास्तावलो होतो. त्यात दोघा भावांच्या वारलेल्या बहिणीचे यजमान आले, निपाणीकडचे दाजी. मोठी बागायत, त्याहून मोठा आवाज. ते बसाप्पाला म्हणाले, “ह्येंचं हितं काय काम? नुस्ती जागा आडवून बसल्यात. आमच्याकडं मागची खोली मोकळी हाय. रंगपंचमी झाली की जीप घिऊन येतो. हौदु?” शेवटचं ते कानडीत, म्हणजे ‘होय ना?’

हे सगळं शिवाण्णांच्या देखत, दोन हातांच्या अंतरावर उभं राहून. बसाप्पा हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. माऊस पुसत राहिला.

वहिनींनी मला गाठलं. “भावजी, ह्यांच्या मनात काय हाय? दहा मिनटात चहाचा कप काढणारा मानूस. थोरल्या भावोजींस्नी धाडतील न्हवं हे गावाकडं? तुमी तरी बोला.”

मी बोलणार होतो. पण त्याआधी एक चमत्कार घडला.

दसरा चौकात सिग्नलला स्कूटर थांबवली. समोर एका नगरसेवकाचा वाढदिवस लटकत होता. सहज वाचत गेलो, तर खालच्या ओळीत, अगदी उजव्या कोपऱ्यात, पांढऱ्या टोपीतले शिवाण्णा! तोंडभर हसतायत. म्हटलं, असेल काही ओळख. रंकाळ्यावर गेलो. तिथं शर्यत जिंकलेल्या म्हशीचं अभिनंदन, म्हशीच्या गळ्यात हार, आणि शुभेच्छुकांत शिवाण्णा! मंगळवार पेठेत कुणाच्या तरी मुलाला नोकरी लागलेली, शिवाण्णा. पुढं एका पुढाऱ्याच्या मातोश्री वारलेल्या, तिथं शोकाकुलांमध्ये शिवाण्णा, तोच फोटो, तसेच तोंडभर हसताना. त्या संध्याकाळी मी गावभर हिंडलो. कोल्हापुरात त्या दिवसांत अंबाबाईनंतर कुणाचं दर्शन सगळ्यात जास्त होत असेल, तर ते शिवाण्णांचं.

दुकानात येऊन बसाप्पाला धरलं. “ह्ये काय चाललंय?”

“कोपऱ्यात जागा शिल्लक ऱ्हाती.”

“तुझ्याकडं? जागा? उपाध्यक्षाचं त्वांड काढतोस तू!”

पडद्यावरची एक खिडकी नाहीशी झाली, ती बसाप्पानं माऊस दाबून परत पुढं आणली.

“त्यो मेकॅनिक काय म्हनला हुता?” तो हळूच म्हणाला. “बंद पडल्यालं नसतंय ते. कुनी हात लावत न्हाय म्हनून मागं जातंय.”

आणि खरंच, लोक हात लावायला लागले होते. दुकानात पाऊल टाकणारा पहिल्यांदा खुर्चीपाशी थबकायचा. “आरं! शिवाण्णा न्हवं? काल तुमाला म्हशीच्या बोर्डावर बघितलं की! तुमची म्हैस व्हय?”

“न्हाय.”

“मग?”

“वळखीची आसंल,” शिवाण्णा म्हणायचे. मग म्हशीवरनं वैरणीवर, वैरणीवरनं पावसावर, पावसावरनं एकेकाच्या सोयरिकीवर गाडी जायची. तालमीची पोरं वाटंनं जाताना “शिवाण्णा, रामराम!” ओरडायला लागली. एवढ्या फलकांवर आहे म्हणजे माणूस वजनदार असणार, अशी हवा झाली. वॉर्डातला एक उमेदवार पाया पडून गेला आणि जाताना “आपल्यावर लक्ष असू द्या” म्हणाला. शिवाण्णांनी लक्ष ठेवलं. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिले. त्यांच्या खुर्चीशेजारी आता सारखा चहाचा कप असायचा, निम्मा भरलेला, गार झालेला. गप्पांत विसरायचे. तो कप बसाप्पानं एकदाही उचलला नाही.

रंगपंचमी झाली आणि दाजींची जीप दारात उभी राहिली. जीप थांबायच्या आत आवाज आला.

“बसाप्पा! ह्ये काय लावलंय! कागलपास्नं बघत आलोय मी, हर एक खांबावर ह्येच! ह्ये काय इलेक्शनला उभारल्यात? जत्रंत तोरनं लावल्यागत गावभर थोबाड लावलंय! चला, कापडं भरा ह्येंची. उनाच्या आत पोचायला पायजे.”

वहिनी आतनं आल्या, त्यांच्या हाताला पीठ होतं. गिऱ्हाईक म्हणून संभा पैलवान बसला होता, तोसुद्धा उठून उभा राहिला.

“कापडं भर म्हनतोय मी,” दाजी म्हणाले.

“मला काय सांगता, दाजी?” बसाप्पा म्हणाला. “जानार ते हायत. त्येंस्नी इचारा.”

दाजी गोंधळले. इतक्या वर्षांत शिवाण्णांना त्यांनी काही विचारलं असेल असं मला वाटत नाही. ते खुर्चीसमोर गेले, काय करावं ते न कळून पायांतले बूट जुळवून उभे राहिले, आणि त्यांचा तो मोठा आवाज एकदम खाली आला.

“शिवाण्णा, येताय न्हवं गावाकडं? निवांत हाय तिकडं. कुनाचा तरास न्हाय. मागची खोली झाडून ठिवलीया.”

शिवाण्णा विचार करत बसले. ते विचार करायचे म्हणजे सावकाश करायचे. बसाप्पा फडकं हातात धरून उभा होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही पुसत नव्हता. त्याच्या मागं पडद्यावरची एक खिडकी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. सगळा पडदा रिकामा झाला. त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“न्हाय,” शेवटी शिवाण्णा म्हणाले. “तिकडं आपल्या वळखीचं कोन न्हाय.”