काटेसाहेबांनी पास केलेलं घड्याळ

काटेसाहेबांनी बत्तीस वर्षं वजनमापं तपासण्याची सरकारी नोकरी केली. काटेसाहेब हे बाजाराने ठेवलेलं नाव. (बाजाराने आणखीही नावं ठेवली होती. ती छापण्यासारखी नाहीत.) किलोमागे दहा ग्रॅम कमी भरले की दुकानाला सील. रडणं नाही, विनवणी नाही. अशा माणसाच्या छातीत निवृत्तीनंतर कळ आली. हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवून डॉक्टरीणबाईंनी त्यांना घरी पाठवलं.

पुढे तपासणीला गेल्यावर साहेबांनी विचारलं, "पळायला कधी लागू?"

"महिनाभर चाला. मध्ये मिनिटभर हळू पळून बघा. पण आधी ठोके मोजायचं यंत्र घ्या. एकशेवीसच्या वर गेले की जिथे असाल तिथे थांबायचं. आकडे वहीत लिहून आणा. मग ठरवू."

थांबणं साहेबांच्या स्वभावात नव्हतं. शिवाय मैदानावर पिठाचा दुकानदार पळायला येई. त्याचा काटा साहेबांनी दोनदा जप्त केला होता. आता साहेब चालताना दिसले की तो मागून येऊन म्हणे, "साहेब, जरा बाजूला." बोलणं अदबीचं. पण रोज पाच फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला तेच.

साहेब यंत्र घ्यायला दुकानात गेले. विकणाऱ्या मुलीने तीन यंत्रं मांडली. एक छातीला बांधायचा पट्टा, दोन मनगटी घड्याळं. साहेबांनी तिन्ही एकदम अंगावर चढवली आणि दुकानाचा जिना दोनदा चढून उतरले. मुलगी घाबरली. पट्ट्याने एकशेचौतीस दाखवले, पहिल्या घड्याळाने एकशेतीस, दुसऱ्याने सत्त्याण्णव.

"पट्टाच बरोबर असतो, काका. आणि हे घड्याळही जवळपास तेच सांगतंय."

"दोन यंत्रांचं एकमत झालं म्हणून ती खरी ठरत नाहीत. दोन चोरांचंही एकमत असतं. हे सत्त्याण्णववालं बांध."

बत्तीस वर्षांत कमी दाखवणारं माप साहेबांनी पास केलं, असं हे पहिल्यांदाच घडलं. आत कुठेतरी शंका आली. ती त्यांनी दप्तरी दाखल करून टाकली.

दुसऱ्या दिवसापासून साहेब पळू लागले. मिनिटभर नव्हे, चांगल्या तीन फेऱ्या. तोंड लाल, शर्ट ओला, डोळ्यांपुढे काजवे. घड्याळ म्हणे, सत्त्याण्णव. एका सकाळी त्यांनी पिठाच्या दुकानदाराला गाठलं आणि म्हणाले, "जरा बाजूला." पुढे झाडाला धरून ते बराच वेळ उभे होते, पण ते कोपऱ्यावर वळून दुकानदाराच्या नजरेआड झाल्यावर.

"अहो, केवढी धाप लागलीय तुम्हाला!" घरी बायको म्हणाली.

"धाप हे माप नव्हे. आकडा बघ."

"आणि ओठ का काळे पडलेत?"

"ओठांवर काही लिहिलेलं नाही. आकडा बघ म्हणतो ना!"

या माणसाशी वाद घालून उपयोग नाही, पुरावा लागतो, हे बायको संसारात शिकली होती. साहेब आंघोळीला गेले तेव्हा तिने घड्याळ उचललं. ओट्यावर दुधी भोपळा होता. तिने त्यालाच ते बांधलं आणि बघत बसली. मग भोपळ्यासकट पिशवीत घातलं आणि नवऱ्याला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. साहेब वाटभर कुरकुरत होते. घड्याळ सापडत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. "रोज सत्त्याण्णव? तीन फेऱ्या पळून?"

"रोज." साहेबांनी मान ताठ केली.

बाईंनी त्यांना ट्रेडमिलच्या चालत्या पट्ट्यावर उभं केलं. दोन मिनिटांत मशीन ओरडायला लागलं. एकशेबेचाळीस. साहेबांना उतरवून खुर्चीत बसवलं.

"तुमच्या मशीनवर तपासणीचा शिक्का कुठाय?" साहेबांनी धापा टाकत विचारलं.

उत्तर बायकोने दिलं. तिने पिशवीतून भोपळा काढून टेबलावर ठेवला.

"डॉक्टर, हा सकाळपासून पडून आहे. याचे बघा."

बाईंनी वाकून बघितलं. सत्त्याण्णव. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत बघितलं. मग हसू न येऊ देता साहेबांकडे वळल्या.

"आणखी आठवडाभर असं पळाला असतात, तर इथे तुम्हाला उचलून आणावं लागलं असतं. कळतंय का?"

साहेबांनी भोपळ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. आयुष्यात कितीतरी दुकानदार त्यांच्यापुढे असेच उभे राहिले होते. साहेबांचा आवाज खाली आला.

"मग पळायचं कधी?"

"याला आजपासून परवानगी," भोपळ्यावर हात ठेवून बाई म्हणाल्या. "तुम्ही चाला."